चालून दाखवा

सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल जमिनीवर टाकायचंच नाही, हा उपाय मला तिसऱ्या आठवड्यात सुचला. दुसऱ्या पावलाला दुखतं, पण कमी. दहाव्याला तर मी आदल्या रात्रीचीच धडधाकट बाई असते. अडचण एवढीच, की पहिलं टाकल्याशिवाय दुसरं टाकता येत नाही. पलंगावरून उडी मारून थेट दुसऱ्या पावलावर पोचता येतं का, तेही एकदा पाहिलं. येत नाही. दोन्ही पायांचं पहिलं पाऊल एकदम पडतं.

दुखणं कसं, तर कंपासपेटीतल्या कर्कटकाचं टोक कुणीतरी टाचेत रोवावं आणि वर्तुळ काढायला घ्यावं, तसं. ही उपमा मला आपसूक सुचली, कारण एकतीस वर्षं मी डोंबिवलीतल्या एका शाळेत भूगोल शिकवला आणि ऑफ तासाला भूमितीचे वर्ग सांभाळले. शाळेत शिक्षकांना खुर्ची असते, पण ती वह्यांचे गठ्ठे ठेवायला. बसलेल्या बाईंना पाचवीतलं पोरही जुमानत नाही. त्यामुळे एकतीस वर्षं उभी होते, आणि निवृत्त होऊन आता बसेन म्हटलं, तर टाचेने थकबाकीची मागणी केली.

या दुखण्याचा सगळ्यात वाईट गुण म्हणजे ते साक्षीदार ठेवत नाही. मी साडेपाचला उठते, आमचे हे सातला. ते उठेपर्यंत माझा लंगडा काळ संपलेला असतो. "अगं, काल भाजी घेताना तूच माझ्या पुढे पळत होतीस," हे म्हणतात. शेवटी एकदा त्यांना साडेपाचला उठवून बसवलं आणि पाहा म्हटलं. त्यांनी पाहिलं, "अरे बापरे" म्हणाले आणि परत झोपले. सात वाजता त्यांना ते स्वप्न वाटत होतं.

टाच दुखते हे वाक्य सोसायटीत चुकूनही मोठ्याने बोलू नये. आमच्या मजल्यावर चार घरं आहेत आणि उपाय अकरा मिळाले. निम्मे उपाय गरम, निम्मे गार. एक म्हणे मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवा, दुसरी म्हणे बाटलीत पाण्याचा बर्फ करून ती पायाखाली लाटण्यासारखी फिरवा. मी दोन्ही केलं, एकापाठोपाठ. पायाला नक्की ऋतू कोणता चाललाय हे कळेना. नणंदेने फोनवरून खानदानी उपाय सांगितला: वीट तापवायची, तीवर रुईचं पान ठेवायचं आणि त्यावर टाच. ऐकायला सोपं वाटतं. पण डोंबिवलीत आज वीट कुठे मिळते? जिथे तिथे इमारती पाडून नव्या उभ्या राहताहेत, त्या सगळ्या राखाडी ठोकळ्यांच्या. लाल वीट शोधायला दोन दिवस गेले. रुईसाठी शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर माळा विकणाऱ्या मावशींकडे गेले.

"माळ नको, एकच पान द्या," म्हटलं.

"मारुतीला एकच पान?" मावशींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मारुतीला नको हो, टाचेला."

त्यांनी पान दिलं, पैसे घेतले नाहीत. एवढी दया माझ्यावर निवृत्तीच्या समारंभातही कुणी केली नव्हती.

शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. एक्स-रे निघाला. टाचेच्या हाडाला पुढे छोटी चोच आलेली दिसत होती. ‘हाड वाढलंय’ हे आपल्याकडचं फार लोकप्रिय निदान आहे. ऐकणाऱ्याला लगेच पटतं, सांगणाऱ्याला समजावत बसावं लागत नाही. डॉक्टर मात्र प्रामाणिक निघाले. म्हणाले, अशी चोच कितीतरी लोकांना असते आणि त्यांना काही दुखत नाही, तेव्हा तिच्यावर सगळा आळ घालू नका. खरं दुखणं तळव्याखालच्या जाड पट्ट्याचं, प्लांटर फॅसायटिस. घरी येऊन मी ते नाव सांगितलं तेव्हा सासूबाईंनी ‘फाशी’ एवढंच ऐकलं. "पायाला कसली फाशी?" त्या म्हणाल्या. सासूबाई शहाऐंशी वर्षांच्या आहेत आणि त्यांची टाच आजवर दुखलेली नाही. हे त्या रोज सांगतात.

डॉक्टरांनी एका फिजिओथेरपी केंद्राचा पत्ता दिला. ‘पायाच्या मापाचे इन्सोल’ तिथे करून मिळतात म्हणे. दारातच पाटी होती: ‘कृपया पादत्राणे बाहेर काढावीत’. पायांच्या दवाखान्यात अनवाणी प्रवेश! थंडगार पांढऱ्या टाइल्सवर माझं पहिलं पाऊल पडलं आणि मी जी कळवळले, त्यावरूनच निदान झालं असतं तर पुढची फी वाचली असती.

आतून एक सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी आली आणि माझ्याकडे बघून थबकली.

"बाई! ओळखलंत? दहावी ब."

डोंबिवलीत हा धोका कायम असतो. बँकेत, लोकलमध्ये, एकदा तर वाहतूक पोलिसाच्या गणवेशातसुद्धा दहावी ब भेटलेली आहे. मी ओळखलं. या मुलीने महाराष्ट्राच्या नकाशात सह्याद्री चंद्रपूरकडे काढला होता, आणि मी त्या प्रश्नाला शून्य देऊन वर लाल शाईत ‘डोंगर हलवू नये’ असं लिहिलं होतं. तिलाही ते आठवत असावं. ती फार गोड हसली आणि म्हणाली, "बाई, जरा चालून दाखवा."

आयुष्यात हे वाक्य मी दुसऱ्यांदा ऐकत होते. पहिल्यांदा ऐकलं ते १९८९ साली, कराडला आमच्या घरी. तेव्हा ते इतक्या उघडपणे बोलत नसत. पोहे खाऊन झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मुली, जरा आतून पाण्याचा तांब्या आणतेस?" पाणी समोरच होतं. पण अख्ख्या खोलीला ठाऊक होतं की तहान कुणालाच लागलेली नाही, मुलगी लंगडते का ते पाहायचंय. मी आत गेले, तांब्या घेऊन आले. सासूबाई, त्यांच्या जाऊबाई, एक आत्याबाई आणि दोन काका अशा पाच जणांनी माझी चाल तपासली आणि उत्तीर्ण केली. पाय आतल्या बाजूला कलतात, कमान बसकी आहे, हे एकाच्याही लक्षात आलं नाही. बरंच झालं म्हणायचं, कारण सपाट तळव्याची सून घरात दारिद्र्य आणते असा जुन्या बायकांचा समज होता. मी मागच्या अंगणातून ओल्या पायांनी आले असते, तर शहाबादी फरशीवर अख्खा तळवा छापखान्यातून निघाल्यासारखा उमटला असता आणि हे दुसरीकडे पोहे खायला गेले असते. आणि यांना? यांना कुणी चालून दाखवायला सांगितलं नव्हतं. ते पूर्ण वेळ खुर्चीत बसून होते.

तर मी चालले. पंधरा पावलं तिकडे, पंधरा इकडे. दहावी ब खाली वाकून माझ्या घोट्यांकडे पाहत होती आणि वहीत काहीतरी लिहीत होती. शिक्षकाला वर्गात चालताना मागून विद्यार्थ्यांची नजर कळते. ही नजर मात्र परीक्षकाची होती. मग तिने मला एका चपट्या काळ्या फळीवर उभं केलं. समोरच्या पडद्यावर माझे दोन तळवे उमटले, हिरवे, पिवळे, निळे, आणि टाचेला भडक लाल. हुबेहूब पर्जन्यमानाचा नकाशा. चेरापुंजी टाचेत होतं.

"बाई, हे बघा," तिने पेन्सिलीचं टोक पडद्यावर ठेवलं, "इथे आतल्या कडेला डोंगर असायला पाहिजे होता."

"आणि?"

"नाहीये."

ती आणखी काही बोलली नाही. बोलायची गरजही नव्हती. माझ्या पायात कोकण आणि देश एकाच पातळीवर आले होते, मधला सह्याद्री भुईसपाट. चंद्रपूरकडेसुद्धा नव्हता.

मग तिने जे समजावलं, ते मात्र झकास समजावलं. एका पायात २६ हाडं असतात, म्हणजे दोन्ही मिळून ५२. अंगातली २०६ हाडं धरली तर पाव भाग हाडं नुसती पायांतच. एवढा सगळा सरंजाम निसर्गाने तळाशी भरून ठेवला आणि आपण तो मोज्यात कोंबतो. जन्मतः सगळ्यांचेच पाय सपाट दिसतात, तळव्याखाली चरबीची गादी असते. कमान लहानपणी हळूहळू वर येते. म्हणजे बाळाचे पाय पाळण्यात दिसतात हे खरं, पण कमान काही दिसत नाही. टाचेपासून बोटांच्या मुळांपर्यंत तो पट्टा ताणलेला असतो. आपण टाच उचलून बोटांवर भार देतो, तेव्हा बोटं वर वळतात, पट्टा त्यांच्याभोवती गुंडाळला जातो आणि कमान उचलली जाते. जहाजावरच्या नांगर ओढायच्या चरकासारखं हे चालतं, असं हिक्स नावाच्या इंग्रज शल्यचिकित्सकाने १९५४ साली मांडलं. आपण विहिरीवरचा रहाट म्हणू. दोर गुंडाळला की बादली वर. रात्री झोपेत पाय सैल पडतो, दोर आखडून बसतो आणि पहाटे साडेपाचला मी अख्ख्या देहाची बादली त्याला एकदम लटकावते. कर्कटक तिथून येतं.

मी तिला म्हटलं, "हे तू भूगोलात लिहिलं असतंस तर पैकीच्या पैकी दिले असते."

"बाई, भूगोलात विचारलं नव्हतंत," ती म्हणाली.

मग माप. बुके करताना फुलं खोचतात तसल्या कुरकुरीत फोमचा एक खोका तिने माझ्यापुढे ठेवला. मी खुर्चीत बसायचं, पाय त्यावर ठेवायचा, पण जोर द्यायचा नाही. जोर ती देणार. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून पाय खाली दाबला आणि फोममध्ये तो कुरकुरत रुतत गेला. आधी टाच, मग चवडा, मग एकेक बोट. वर काढला तर हुबेहूब पाऊल. गौरी आणताना दारापासून आतपर्यंत रांगोळीने काढतो तसलं, फक्त थोडं स्थूल. छत्तीस वर्षांपूर्वी मी याच उजव्या पायाने माप ओलांडून या घरात आले. त्या मापातले तांदूळ सांडले तेव्हा माझ्या पायाचं माप घ्यायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं. ते आता निघालं, साडेसात हजारांना. माझा पहिला पगार याहून कमी होता, हे मी दहावी बला सांगितलं नाही.

पायाखाली आधार घालायची कल्पना काही आजची नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कचे रॉयल व्हिटमन सपाट पायांना पोलादी पट्टीचा आधार बसवत. पोलाद! चालताना भांड्यांच्या दुकानासारखा आवाज येत असेल. मग शिकागोत विल्यम शॉल हा तरुण आला. चपला-बुटांच्या दुकानात काम करता करता गिऱ्हाइकांचे वाकडेतिकडे पाय बघून त्याने १९०४ साली आपल्या आधाराचं पेटंट घेतलं आणि पुढे त्याचं नाव जगभरच्या टाचांना ठाऊक झालं. त्याच्याबद्दल सांगतात, की तो दुकानादुकानांतून हिंडायचा आणि पायाच्या हाडांचा सापळा काउंटरवर काढून ठेवायचा. विक्रीची ही पद्धत मला फार पटली. आमच्याकडे साड्यांचा सेल लागतो तेव्हा असं कुणीतरी काउंटरवर एकदम सत्य मांडायला हवं.

बारा दिवसांनी माझे इन्सोल आले. बाहेरून निळे, आत कडक पांढरा पाया, आणि आतल्या कडेला तो डोंगर, हरवलेला सह्याद्री, आयता बसवलेला. मी हात फिरवून पाहिला. अंदाजे आंबोली घाट असेल. "पहिल्या दिवशी एकच तास घाला बाई, दुसऱ्या दिवशी दोन, हळूहळू वाढवा," दहावी बने बजावलं. "सुरुवातीला टोचेल." नव्या सुनेबद्दल सासरी असंच सांगून ठेवत असत तर बरं झालं असतं.

टोचलं. पण ते कशात घालायचं, हा प्रश्न मला पैसे भरून झाल्यावर पडला.

मी जन्मभर चपला वापरल्या. शाळेत चपला, लग्नकार्यात कोल्हापुरी, पावसाळ्यात प्लास्टिकच्या सँडल. यांतल्या एकीतही इन्सोल बसत नाही, कारण त्याला चार भिंती लागतात. कोल्हापुरीची तर भाषाच निराळी. ती कातड्याची सरळ पाटी. पाय तिच्याशी जुळवून घेतो, महिनाभर तेलपाणी करून. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. भूगोलाची शिक्षिका म्हणून मला त्याचा खास अभिमान. २०२५च्या जूनमध्ये प्राडाने मिलानला तिच्यासारखी पायताणं घालून पुरुष मॉडेल चालवले, केवढा गदारोळ झाला. त्या मुलांच्या टाचांचं पुढे काय झालं, हे मात्र कोणत्याही वर्तमानपत्राने छापलं नाही.

स्टेशनरोडला एक चप्पल दुरुस्तीवाले दादा बसतात. वीस वर्षं माझ्या चपलांचे अंगठे त्यांनीच शिवलेत. त्यांच्यापुढे इन्सोल ठेवले आणि हे माझ्या चपलेत बसवाल का म्हणून विचारलं. त्यांनी रापी बाजूला ठेवली, दोन्ही उलटेसुलटे केले, अंगठ्याने तो डोंगर दाबला आणि म्हणाले, "ताई, तुमची चप्पल आतल्या बाजूनं झिजते हे मी तुम्हाला कधीपासून सांगतोय." सांगितलं होतंच. मी दरवेळी ‘हो का’ म्हणून तीस रुपये देऊन निघून येत होते. "पण हे माझ्या चपलेत नाही बसायचं," ते म्हणाले, "याला बूट घ्या."

म्हणून बूट घेतले, आतली गादी निघणारे, भरपूर खोल, करड्या रंगाचे. वयाच्या साठाव्या वर्षी मी पहिल्यांदा बुटाची नाडी बांधली. पंजाबी ड्रेसखाली ठीक दिसतात. साडीखाली दिसू नयेत म्हणून निऱ्या लांब सोडल्या, तर त्यांत पाय अडकून पडायला झालं. टाच वाचवताना माणूस नाकावर पडला तर त्याला कोणता डॉक्टर?

आणि मग आठवडाभराने मी हिशेब केला. निवृत्त बाई घराबाहेर किती असते? सकाळी चालायला पाऊण तास, संध्याकाळी भाजी, एकूण दीड तास. उरलेले साडेबावीस तास घरात, अनवाणी, टाइल्सवर. त्यातला झोपेचा वेळ वगळला तरी सोळा तास माझे साडेसात हजार रुपये दाराबाहेरच्या रॅकवर पडून असत आणि मी आत कर्कटक वागवत फिरत असे. ज्या देशांत हे इन्सोल जन्मले तिथे लोक सकाळी बूट घालतात ते रात्री काढतात. आमचं आयुष्य उंबऱ्याने दोन भागांत कापलंय. बघायला लागले तर चपला काढायला लावणारी ठिकाणंच जास्त निघाली. देऊळ, नातेवाईक, दातांचा दवाखाना, पांढऱ्या गाद्या घातलेलं साडीचं दुकान. आमच्या शाळेत तर कॉम्प्युटर आले तेव्हा त्या खोलीतही चपला बाहेर काढायला लावत, कॉम्प्युटर गाभाऱ्यात बसल्यासारखे. दहावी बने माझ्या पायाचं माप अर्ध्या मिलिमीटरपर्यंत घेतलं. माझ्या घराचं घेतलं नव्हतं.

तिला फोन केला. "बाई, मग घरात वापरायला वेगळे बूट घ्या, बाहेर न नेलेले. इन्सोल यातून त्यात." मुद्दा बरोबर होता. फक्त मंजुरीसाठी तो सासूबाईंपुढे न्यावा लागणार होता.

"घरात बूट?" सासूबाई म्हणाल्या. "आपण काय साहेब आहोत?"

"अहो आई, यांच्या नाहीत का चपला घरात?"

इथे मला वाटलं मी जिंकले. यांना बारा वर्षं मधुमेह आहे. त्यांच्या पायाला दर सहा महिन्यांनी डॉक्टर नायलॉनचा बारीक धागा टोचून ‘कळतंय का?’ विचारतात, आणि दोन जागी यांना कळत नाही. तेव्हापासून घरातही अनवाणी चालायचं नाही असा हुकूम आहे. मऊ एमसीआर रबराच्या चपला, निळ्या पट्ट्यांच्या, घालून ते सगळीकडे वावरतात, स्वयंपाकघरातसुद्धा. अर्थात ते तिथे चहाचा कप न्यायलाच येतात.

"त्याला डॉक्टरांनी सांगितलंय," सासूबाई म्हणाल्या.

"मलाही डॉक्टरांनीच सांगितलंय."

"त्याला दुखत नाही म्हणून घालतो. तुला दुखतंय ना? मग काळजी कसली?"

सासूबाई हे मला गप्प करायला बोलल्या, पण वैद्यकाच्या दृष्टीने त्या जवळजवळ बरोबर होत्या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पॉल ब्रँड नावाचे सर्जन १९४० आणि ५०च्या दशकांत कुष्ठरोग्यांवर काम करत होते. कुष्ठरोगाने बोटं आपोआप झडतात असंच तेव्हा सगळे धरून चालत. ब्रँड यांना दिसलं की रोग मज्जातंतू मारतो, दुखणं कळेनासं होतं, आणि मग खिळा, खडा, चुलीचा निखारा बाकीचं काम करतात. तिथून मऊ सच्छिद्र रबराच्या चपलांचा शोध सुरू झाला. त्याच घराण्यातलं पायताण आज मधुमेह्यांच्या पायांत दिसतं. ब्रँड जन्मभर सांगत राहिले की वेदना ही देणगी आहे. माझी देणगी रोज साडेपाचला मिळते, ती जरा कमी करून मिळावी एवढंच माझं म्हणणं होतं. यांच्या पायांना ती मिळतच नाही, म्हणून त्यांच्या चपलांबद्दल मी कधी चकार शब्द काढलेला नाही. इन्सोलच्या बाबतीत खरी निकड कुणाची, हे मला तिथेच कळलं होतं. पण म्हणून वाद सोडायचा असं कुठे आहे?

शेवटी तडजोड झाली. घरातले बूट चालतील, पण स्वयंपाकघर आणि देवघर यांच्या उंबऱ्याबाहेर. म्हणजे बैठकीच्या खोलीत सोफ्यावर बसताना माझ्या पायांना संपूर्ण शास्त्रीय आधार, आणि ओट्यापाशी तीन तास उभं राहताना काही नाही. यांनी मध्यस्थी करून पाहिली. "आई, चपला म्हणू नकोस, पादुका म्हण. भरताने तर सिंहासनावर ठेवल्या होत्या."

"त्या रामाच्या होत्या," सासूबाई म्हणाल्या. "वारीत आळंदीहून पंढरपुरापर्यंत पालखीत असतात त्या माउलींच्या. हिच्या कशा असतील?"

याला उत्तर नव्हतं. अडीचशे किलोमीटर चालणाऱ्यांच्या टाचा दुखतात का, हे विचारायचं माझ्या मनात होतं, पण ती वेळ नव्हती.

पुण्याहून लेक आली. ती कुठलीही वस्तू घेण्याआधी वाचते आणि आपण घेतल्यानंतर सांगते. ती म्हणाली, "आई, २००६ सालचा ऑस्ट्रेलियातला अभ्यास आहे. टाचदुखीवाल्यांना तीन गटांत वाटलं. एकाला मापाचे इन्सोल, एकाला तयार, एकाला नुसतेच मऊ, नावापुरते. तीन महिन्यांनी खऱ्या दोघांचा थोडा फायदा दिसला, पण मापाच्यात आणि तयारच्यात फरक नाही. वर्षाने तिन्ही गट सारखे."

यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. छत्तीस वर्षांच्या संसारात मी त्यांना इतकं खूश दोन-तीनदाच पाहिलंय. "म्हणजे साडेसात हजार..."

"म्हणजे वर्षाने बरं वाटेल," मी म्हटलं.

खरं सांगायचं, तर बरं वाटायला लागलं होतं. इन्सोलमुळे की भिंतीमुळे, कोण जाणे. दहावी बने रोज तीनदा भिंत ढकलायला सांगितलं होतं. एक पाय पुढे, एक मागे, मागच्या पायाची टाच जमिनीला टेकवून पोटरी ताणायची. सोसायटीत मी भिंत पाडतेय अशी बातमी पसरली आणि खालच्या मजल्यावरचे गृहस्थ पुनर्विकासाच्या ठरावाची प्रत घेऊन वर आले. बहुतेकांची टाचदुखी वर्षभरात काहीही केलं तरी ओसरते, असंही लेकीने वाचलं होतं. मग मी काय काय केलं म्हणून ओसरली, याची यादी प्रत्येकाने आपापली ठेवलीय. नणंदेच्या यादीत वीट आहे.

असं चाललं असताना पाडवा आला. डोंबिवलीची शोभायात्रा म्हणजे १९९९पासूनची परंपरा, ती चुकवली तर इथे राहण्याचा दाखला काढून घेतील. मी नऊवारी नेसले, नथ घातली आणि खाली करडे बूट. नऊवारीत निऱ्या वर खोचलेल्या असतात, त्यामुळे बूट संपूर्ण दिसत होते. दोन मुलींनी फोटो काढायची परवानगी मागितली. ‘बुलेटवरच्या’ बायका वेगळ्या असतात, मी नाडीवरची.

यात्रा संपल्यावर देवळात गेलो. चपलांचा ढीग एवढा, की एकेकाळचा सह्याद्री. बूट गेले तर जाऊ देत, पण आतले साडेसात हजार तिथे सोडायचे? मी कोपऱ्यात बसून दोन्ही इन्सोल काढले, धुतलेल्या पांढऱ्या रुमालात गुंडाळले आणि नारळाच्या पिशवीत ठेवले. मनात शास्त्रार्थ करून घेतला: हे जमिनीला कधी लागलेलेच नाहीत, लागतो तो बुटाचा तळ, तेव्हा हे पादत्राण नव्हे, फार तर मोजा. गाभाऱ्यापुढे रांगेत हीऽऽ गर्दी. गुरुजींनी हात पुढे केला, मी पिशवी दिली, त्यांनी नारळ काढला, फुलं काढली आणि रुमालाची गाठ हातात धरून विचारलं, "हे?"

मागून ढकलाढकली चालली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "पादुका."

गुरुजींनी पुढे विचारलं नाही. पाडव्याला त्यांना दर मिनिटाला वीस भक्त. त्यांनी गाठोडं देवाच्या पायाशी टेकवलं, वर हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, एक जास्वंद खोचली आणि प्रसादासकट माझ्या हातात परत दिलं. मी बाहेर आले तेव्हा पाय थरथरत होते, आणि ते टाचेमुळे नव्हे.

घरी गप्प बसायचं मी ठरवलं होतं. यांनी पाच मिनिटांत सांगून टाकलं, तेही हसत. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी रुमाल माझ्या हातातून घेतला, उघडला. निळ्या इन्सोलवर कुंकू सांडलेलं होतं, डोंगराच्या ऐन माथ्यावर. त्यांनी दोन्ही डोळ्यांना लावले.

"बरं झालं आई," मी म्हटलं, "आता स्वयंपाकघरात घालायला हरकत नाही ना?"

"घालायला?" त्या म्हणाल्या. "देवाच्या पायाशी जाऊन आलेल्या वस्तूवर तू पाय देणार?"

गेले तीन आठवडे ते देवघरात आहेत, खालच्या फळीवर, शंखाच्या शेजारी. गुरुवारी फूल असतं. काल पहाटे साडेपाचला मी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं आणि दहा वाजता दवाखाना उघडल्याबरोबर फोन लावला.

"बाई, परत दुखायला लागलं? इन्सोल वापरताय ना?"

"नाही गं."

"का? कुठेयत?"

मी सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. परीक्षेत प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आला की दहावी ब अशीच गप्प व्हायची.

"बाई," शेवटी ती म्हणाली, "सोमवारी या. परत चालून दाखवा."